रोजच्या कामाधंद्यात ख्रिस्ताला कसं ओळखायचं: वावरात राबणाऱ्या घरांसाठी सविस्तर

रविवारी चर्चमध्ये बसलं की सगळं बरोबर वाटते, गाणी होतात, वचन ऐकतो, कधीकधी डोळे पण भरून येतात, आणि सोमवारी सकाळी मोटरचा फ्यूज उडालेला असते, खताच्या दुकानात लाइन असते, लेकराला ताप असते, आणि रविवारचं काहीच हाताशी राहत नाही. आमच्याकडे विदर्भातल्या खेड्यांत तर बऱ्याच ठिकाणी पास्टर महिन्यातून एखाद्या वेळी येतात, तालुक्याच्या चर्चला जायचं म्हटलं तर एसटीच्या वेळा पाहाव्या लागतात. मग मधले दिवस कोरडेच जातात असं बायांच्या प्रार्थनेच्या गटात नेहमी ऐकू येते. "ताई, देव आपल्या कामात असते म्हणता, पण मले निंदताना तर काहीच दिसत नाही." हा प्रश्न खरा आहे आणि त्याला एका वाक्याचं उत्तर देऊन चालत नाही, म्हणून टप्प्याटप्प्याने लिहिते.

सुरुवातीलाच एक सांगते कारण इथेच बरेच जण चुकीच्या वाटेला लागतात. अर्थ शोधायचा म्हणजे खुणा शोधायच्या नाहीत. गाडी पंक्चर झाली म्हणजे देवाने जाऊ दिलं नाही, बायबल उघडलं आणि अमुक वचन निघालं म्हणजे जमीन घ्यायची, असं सुरू झालं की माणूस घाबरट होते. परुशी, म्हणजे त्या काळच्या कडक यहूदी धर्मपंथाच्या लोकांनी येशूकडे चिन्ह मागितलं तेव्हा त्याने सरळ नाही म्हटलं. आणि तोच येशू दिवसभर कशाबद्दल बोलत होता पाहा ना, पेरणारा माणूस, पिठात मुरलेलं खमीर, घर झाडून हरवलेलं नाणं शोधणारी बाई, कामाची वाट पाहत उभे असलेले मजूर. म्हणजे तो समोर जे आहे त्याच्याकडेच नीट पाहत होता. आपल्याला पण तेवढंच करायचं आहे, जे आहे तिथे थांबून पाहायचं आणि या जागी देव माझ्याकडून काय मागतो हे विचारायचं.

पहिलं, दिवसातलं एकच काम पकडा

नवीन वेळ काढायच्या मागे लागू नका. पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करीन असं ठरवलेलं पेरणीच्या दिवसांत टिकत नाही, आणि टिकलं नाही की माणूस स्वतःलाच दोष देत सगळं सोडून देते. त्यापेक्षा जे काम तुम्ही रोज करताच ते एक निवडा. गाय दोहणं, भाकरी टाकणं, बसस्टँडवर थांबणं, रात्रीची लाइन आली की मोटर चालू करायला वावरात जाणं, काहीही. फक्त एकच निवडा आणि महिनाभर तेच ठेवा.

आता भाकरीचंच घ्या. पीठ परातीत घेतलं, गरम पाणी टाकलं, मळायला सुरुवात केली की प्रभूच्या प्रार्थनेतली ती एक ओळ म्हणायची, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. पुढे जायचं नाही, तेवढीच. पहिली भाकर थापताना ज्यांच्यासाठी ती आहे त्याचं नाव घ्यायचं. दुसरीला दुसऱ्याचं. ज्वारी कोणी पेरली, कोणी कापली, गिरणीवाल्याने कधी दळून दिली, हे पण मनात येते आपोआप आणि ते येऊ द्यायचं. भाकर तव्यावर पलटवली, निखाऱ्यावर फुगली, उतरवली. घरात ज्याच्याशी अबोला आहे त्याची भाकर थापायची पाळी येते तेव्हा ही प्रार्थना एकदम जड होते, कारण त्याच प्रार्थनेत पुढे, जसे आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं आहे, हे पण आहेच. तिथे थांबा. नाव घ्यायला जमत नसेल तर देवाला तेच सांगा की जमत नाही. हीच प्रार्थना झाली.

ज्यांना स्वयंपाकघर म्हणजे देवापासून लांबची जागा वाटते त्यांना ब्रदर लॉरेन्सबद्दल माहीत असावं. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेल मठात हा माणूस स्वयंपाकी होता, आधी सैनिक होता, लढाईत जखमी झालेला. मठात त्याच्याकडे भांडी, चूल आणि पुढे जोडे शिवायचं काम आलं. तो म्हणायचा की प्रार्थनेच्या वेळी आणि भांड्यांच्या आवाजात, दोन्हीकडे देव त्याला सारखाच जवळ असते. १६९१ मध्ये तो वारला, आणि आजही जगभरचे ख्रिस्ती लोक त्याच्याकडून शिकतात, आणि मला विचाराल तर कितीतरी मोठ्या विद्वानांपेक्षा जास्त शिकतात.

दुसरं, वचन छोटं घ्या आणि वावरात न्या

रोज तीन अध्याय वाचून संपवायचे याला माझा विरोध नाही पण अर्थ सापडायला त्याने मदत होत नाही. चार-पाच ओळी घ्या. सकाळी एकदा मोठ्याने वाचा, मोबाईलवर असेल तर मोबाईलवर, ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरातल्या पोट्ट्याने वाचून दाखवावं. मग त्यातला एक शब्द किंवा एक चित्र घेऊन कामाला जा. दुपारी सावलीत शिदोरी सोडली की ते पुन्हा आठवा आणि देवाशी त्यावर बोला, मोठे शब्द नकोत, घरात बोलतो तसं. शेवटी दोन मिनिटं काहीच न बोलता बसा. ही पद्धत काही माझी नाही, मठांमधून शेकडो वर्षं चालत आलेली आहे, वाचणं, चघळणं, बोलणं, गप्प बसणं.

शेती करणाऱ्याने सुरुवात मार्कच्या चौथ्या अध्यायातल्या २६ ते २९ या ओळींपासून करावी असं मी नेहमी सांगते. माणूस जमिनीत बी टाकते, रात्री झोपते, दिवसा उठते, आणि बी उगवते, वाढते, कसं ते त्याला कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. चारही शुभवर्तमानांत ही गोष्ट फक्त मार्कने लिहिली आहे. जूनमध्ये मृगाचा पाऊस झाला, सरकी लावली, आणि मग आठ-दहा दिवस पावसाने दडी मारली की घरात काय अवस्था असते हे वेगळं सांगायला नको, दुबार पेरणीचा पैसा कुठून आणायचा हेच डोक्यात. त्या दिवसांत ही ओळ घेऊन पेरलेल्या तासाच्या, म्हणजे पिकाच्या ओळीच्या, कडेने चाला. एखाद्या ठिकाणी बोटाने माती थोडी बाजूला करा, सरकी फुटलेली दिसते, पांढरा कोंब वाकडा होऊन वर यायला बघते, वर अजून टरफल चिकटलेलं. तो कोंब आपण काढलेला नाही. आपण पेरलं, आपल्याला जे करायचं होतं ते केलं, आणि आता आपल्या हातात नसलेलं काहीतरी चालू आहे. पाऊस येईलच असं हे वचन सांगत नाही, ते लक्षात ठेवा. पण तू झोप, असं ते म्हणते. त्या गोष्टीतला शेतकरी झोपते, हे येशूने मुद्दाम सांगितलं आहे, आणि काळजीने रात्र रात्र जागणाऱ्या माणसाने ते स्वतःला सांगितलेलं ऐकावं.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं तर आपल्याच भागात झालं. नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जाताना एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. पुढे डोंगरावरच्या प्रवचनाने ते हलून गेले आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सुरुवात झाली ती रेल्वेच्या डब्यात, म्हणून बसमध्ये वाचायला लाज वाटू देऊ नका.

तिसरं, हात चालू असताना छोटी प्रार्थना

हे सोपं आहे, फार लिहीत नाही. निंदण, डवरणी, कपडे धुणं, ट्रॅक्टर चालवणं, यात हात चालतात आणि डोकं रिकामं असते, आणि रिकाम्या डोक्यात जुनी भांडणं फिरत राहतात. तिथे एक छोटं वाक्य ठेवा, प्रभू येशू माझ्यावर दया कर, किंवा स्तोत्र २३ ची पहिली ओळ. श्वासासोबत म्हणा. मोजायचं नाही. मन भटकलं तर परत या, रागवायचं कारण नाही. एखाद्या तासाला फक्त राग आला तर तो राग पण सांगा त्याला.

चौथं, काटा आणि मजुरी

मला सगळ्यात जास्त इथेच बोलायचं आहे, कारण अध्यात्म म्हटलं की लोक मनातल्या शांतीपाशी थांबतात आणि व्यवहारापर्यंत येतच नाहीत.

लेवीय १९ वा अध्याय काढा आणि शेतकरी म्हणून वाचा. ९ आणि १० व्या ओळीत आहे की पीक कापताना वावराच्या कडा पूर्ण कापू नका, पडलेला सरवा वेचून नेऊ नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. १३ व्या ओळीत आहे की मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. ३५ आणि ३६ व्या ओळीत खरा काटा आणि खरी वजनं. आणि या सगळ्याच्या मधोमध, १८ व्या ओळीत, आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. येशूने सगळ्यात मोठ्या आज्ञांपैकी दुसरी म्हणून सांगितलेली ओळ हीच. ती कुठून उचलली आहे ते पाहा, एका बाजूला मजुरी आणि दुसऱ्या बाजूला काटा.

आपल्याकडे कापसाची वेचणी किलोवर असते. दिवसभर बाया कमरेला ओटी बांधून वाकून वेचतात, बोंडाच्या टोकांनी बोटं चिरलेली असतात, आणि संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो. गाठोडं काट्याला अडकवलं की काटा हलत राहते, तो थांबायच्या आधीच आकडा सांगून गाठोडं उतरवलं की पाव-अर्धा किलो इकडचा तिकडे होते. कोणी बोलत नाही कारण उद्या पण कामाला यायचं असते. ख्रिस्ती शेतकऱ्याला रोजच्या जीवनात देव कुठे भेटतो असं कोणी विचारलं तर मी म्हणेन त्या हलणाऱ्या काट्यापाशी. काय करायचं ते सांगते. काटा पूर्ण थांबू द्या. आकडा तिलाच वाचायला सांगा, तिला वाचता येत नसेल तर तिच्या सोबतणीला. वहीत तिच्यासमोर लिहा. जास्तीचे ग्रॅम तिच्या बाजूने धरा. मजुरी बाजाराच्या दिवसाच्या आधी हातात द्या, तिला चार वेळा घरी यायला लावू नका. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहिलं आहे की कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आवाज देवाच्या कानापर्यंत जातो. हे वाचल्यावर मजुरीची वही ही पण प्रार्थनेचीच वही आहे असं मला वाटते.

आणि सरवा. शेवटची वेचणी झाली की पराटीवर फरदडीचा कापूस थोडाफार राहते, सोयाबीन काढल्यावर वावरात दाणे सांडलेले असतात, भुईमुगाच्या शेंगा मातीत राहतात. लोक वेचायला येतात तेव्हा त्यांना हाकलू नका, उलट एका धुऱ्याजवळच्या पिकाच्या दोन ओळी मुद्दाम सोडून द्या आणि कोणाला बोलून दाखवू नका. रूथ अशीच सरवा वेचायला गेली होती, विधवा, परदेशी, आणि त्या वावराचा मालक बवाज याने आपल्या माणसांना सांगितलं की तिच्यासाठी मुद्दाम पेंढ्यांतून काही टाका. त्या रूथचा पणतू दावीद, आणि दाविदाच्या वंशात येशू. सोडलेल्या सरव्यातून एवढं निघालं.

जे स्वतःच मजुरीला जातात त्यांच्यासाठी मत्तयचा विसावा अध्याय आहे. द्राक्षमळ्याचा मालक सकाळी मजूर लावते, मग पुन्हा पुन्हा चौकात जाते, संध्याकाळी तास राहिला तरी उभे असलेले लोक त्याला दिसतात. का उभे आहात विचारलं तर म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. सगळ्यांना पूर्ण दिवसाचा दिनार मिळते. काम न मिळाल्याने ज्याला घरी रिकाम्या हाताने जावं लागते त्याची लाज येशूला माहीत होती. ही गोष्ट घेऊन चौकात उभं राहा, सोबतच्या म्हाताऱ्याला पण कोणीतरी न्यावं म्हणून प्रार्थना करा, आणि जमलं तर ठेकेदाराला त्याचंही नाव सांगा.

पाचवं, रात्रीचा आढावा

हे इग्नेशियस लोयोला यांच्याकडून आलेलं आहे, ज्यांनी १५४० मध्ये येशूसंघ हा कॅथलिक धर्मगुरूंचा संघ सुरू केला. कॅथलिक नसलेल्यांनी पण करावं, यात अडण्यासारखं काही नाही. अंथरुणावर पडायच्या आधी दहा मिनिटं, लाइट गेलेली असली तरी चालते.

आधी आभार, पण मोघम नको. "सगळ्यासाठी धन्यवाद" म्हणू नका. आजची एक गोष्ट सांगा, शेजारणीने वांगे पाठवले, मोटर वेळेवर चालू झाली, एवढी बारीक. मग प्रकाश मागा, कारण आपण आपला दिवस नेहमी आपल्याच बाजूने पाहतो. मग सकाळपासून दिवस आठवत या, उठले तिथपासून, कोण भेटलं, कुठे मन मोकळं झालं, कुठे आवळलं. एका जागी थांबावंसं वाटेल तिथे थांबा, सगळा दिवस पुरा करायची गरज नाही. मग जिथे चुकलं तिथे क्षमा मागा. शेवटी उद्याची एकच गोष्ट, सासूशी नीट बोलीन, कृषी केंद्रातली उधारी देऊन येईन. एवढंच. ज्यांना डोळा लागतो त्यांनी बसून करावं, आणि लागलाच तर झोपावं, देव काही हजेरी घेत नाही.

लेकरं असतील तर त्यांच्यासोबत जेवताना दोनच प्रश्न घ्या, आज काय चांगलं झालं आणि आज कोणाला त्रास झाला. दुसऱ्या प्रश्नाला शाळेतली जी उत्तरं निघतात ती ऐकण्यासारखी असतात.

सहावं, वाईट वर्षी अर्थ शोधू नका

हे मी जपून लिहिते. बोंडअळीने कापूस गेला, ऐन काढणीत झड लागून सोयाबीन काळं पडलं, गारपिटीने संत्र्याचा बहार झडला, आणि कर्ज तसंच आहे. विदर्भात अशा घरातला माणूस स्वतःचा जीव देऊन गेलेला आपण सगळ्यांनी आपापल्या गावाजवळ पाहिलेलं आहे. अशा घरी जाऊन "यात देवाची काहीतरी योजना असेल" किंवा "विश्वास कमी पडला" असं कृपा करून बोलू नका. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हा ती बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती काय, असं येशूनेच विचारलं आणि नाही म्हणून सांगितलं. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ बसले, एक शब्द बोलले नाहीत, तोपर्यंत ते चांगले मित्र होते. बोलायला लागले आणि बिघडलं.

मग करायचं काय? जवळ बसा, जेवणाचा डबा न्या, बँकेत जायचं असेल तर सोबत जा, जनावरांचा चारापाणी बघा. आणि स्वतःवर वेळ आली असेल तर तक्रारीची स्तोत्रं वाचा. १५० स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश तक्रारीची, रडण्याची आहेत. तेराव्यात तर सरळ, हे परमेश्वरा किती वेळ, असंच विचारलेलं आहे. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपते, शेवटी आशेची ओळ पण नाही, आणि तरी ते बायबलमध्ये ठेवलेलं आहे. म्हणजे अशी प्रार्थना देवाला चालते. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटी अंजीर नाही, द्राक्ष नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत अशी सगळी यादी आहे आणि मग तो म्हणते तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, पण ते त्याचं त्याने म्हणायचं आहे, दुसऱ्याने त्याच्या तोंडी घालायचं नाही.

आणि कोणाच्या बोलण्यात जगण्यात अर्थ नाही असं येत असेल, तो गप्प गप्प राहत असेल, तर त्याला एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक त्याच दिवशी दुसरीकडे कुलपात ठेवा, आणि १४४१६ या सरकारी टेलि-मानस नंबरवर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात. प्रार्थना करायचीच, आणि फोन पण करायचाच.

सातवं, खरं की आपल्या मनाचं

"देवाने मला सांगितलं" असं वाटलं तर पारखायचं कसं? इग्नेशियस १५२१ मध्ये लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडून अंथरुणावर पडले होते. पराक्रमाची स्वप्नं पाहताना मजा यायची पण नंतर मन कोरडं पडायचं, आणि संतांसारखं जगायचा विचार केला की नंतरही समाधान टिकायचं, हा फरक त्यांना तिथे कळला. तीच कसोटी लावा, घाई करू नका, तीन-चार दिवस जाऊ द्या आणि नंतर मनात काय उरलं ते पाहा. पौलाने गलतीकरांच्या पत्रात आत्म्याचं फळ सांगितलं आहे, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आणि पुढचं, त्यातलं काही वाढलं काय? आणि माझा एक साधा नियम, जो अर्थ सापडल्यावर नेमका माझाच फायदा होते आणि दुसऱ्या कोणाचं नुकसान, तो मी सोडून देते. मोठा निर्णय असेल, जमीन, लग्न, कर्ज, तर मंडळीतल्या एखाद्या पोक्त माणसाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रविवार आणि बैल

दहा आज्ञांमधली विसाव्याची आज्ञा काढून पाहा, विसावा फक्त मालकाला नाही, चाकराला, दासीला आणि गुराढोरांना पण आहे. निर्गमच्या २३ व्या अध्यायात तर तुझ्या बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा म्हणून, असं कारणच दिलेलं आहे, आणि अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको. पोळ्याला सगळं गाव बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकते आणि त्या दिवशी कोणी त्याला जुंपत नाही. शेजाऱ्याच्या घरी ही माया आहे, तर आपल्या घरी ती दर आठवड्याला दिसावी. रविवारी सालदाराला सुट्टी द्या, पूर्ण पगारासकट. पेरणी-काढणीच्या घाईत नाही जमलं तर मधल्या वारी भरून द्या, पण बुडवू नका.

चर्च लांब असेल तर दोन-तीन घरांनी मिळून रविवारी एका अंगणात बसावं, एक गाणं, एक उतारा, आणि प्रत्येकाने आठवड्यातली एकच गोष्ट सांगायची की मला देव कुठे दिसला किंवा कुठे दिसला नाही. दुसऱ्याने लगेच उत्तर द्यायचं नाही, ऐकून घ्यायचं. घरातली बाकीची माणसं बसत नसतील तर त्यांना ओढू नका, व्हॉट्सॲपवर वचनं पाठवून मागे लागू नका. तुम्ही तुमचं एक काम पकडून सुरू करा, कापसाचे दिवस असतील तर काट्यापासून करा, आणि महिन्याभराने मजुरीची वही आणि रात्रीचा आढावा दोन्ही समोर ठेवून काय बदललं ते पाहा, मग दुसरं काम जोडा.